कडाक्याच्या थंडीत पंखापाम: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हिवाळ्यात पाणी गोठते अशा हवामानात पाम जगवता येईल का, असे विचारणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील बहुतेक पत्रे पंखापामविषयी, म्हणजे ज्यांची पाने उघड्या पंख्यासारखी पसरतात त्या पामविषयी आहेत. आपल्या ओळखीचा ताड याच घडणीच्या पानांचा असला तरी तो उष्ण कटिबंधातला आहे आणि गोठवणाऱ्या थंडीत टिकत नाही, त्यामुळे त्याचा विचार येथे केलेला नाही. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: आमच्याकडे दर हिवाळ्यात काही रात्री तापमान उणे ८ ते उणे १२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. कुंडीत नव्हे, तर जमिनीत कायमचा लावता येईल असा पंखापाम कोणता?

उत्तर: आपण दिलेल्या आकड्यांवरून पहिले नाव विंडमिल पामचे, म्हणजे ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनायचे सुचते. हा मूळचा चीनच्या डोंगराळ भागातला वृक्ष आहे. तेथे आणि जपानमध्ये त्याच्या खोडावरच्या तपकिरी तंतूंपासून दोर, कुंचले आणि पावसात अंगावर घ्यायची आच्छादने बनवण्याची जुनी परंपरा आहे. रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने तो चीनच्या किनाऱ्यालगतच्या चुसान बेटावर पाहिला आणि १८४९ मध्ये त्याची रोपे इंग्लंडला पाठवली, म्हणून त्याला चुसान पाम असेही म्हणतात. जमिनीत नीट रुजलेले, खोड धरलेले निरोगी झाड उणे १५ अंशांच्या आसपासची थंडी थोड्या काळासाठी सोसते. पानांना मात्र त्याआधीच, साधारण उणे १० ते उणे १२ अंशांपासून, डाग पडू लागतात.

याच प्रजातीत वॅग्नेरियानस या नावाने विकला जाणारा एक प्रकार आहे. त्याची पाने आखूड आणि ताठ असतात, त्यामुळे सोसाट्याच्या वाऱ्यात ती चिंध्या होऊन लोंबत नाहीत. जागा वाऱ्याची असेल तर मी साध्या विंडमिल पामऐवजी हाच निवडेन. ट्रॅकिकार्पस टाकिल ही हिमालयाच्या कुमाऊं भागातली प्रजाती असून तिच्या मूळ जागी हिवाळ्यात बर्फ पडते. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेक्कारी यांनी १९०५ मध्ये तिचे वर्णन केले. ती अर्थातच मोहात पाडणारी आहे, परंतु या नावाने विकली जाणारी पुष्कळ रोपे प्रत्यक्षात साधी विंडमिल पामचीच निघतात. तेव्हा केवळ नावासाठी जास्त पैसे मोजण्याआधी बियाणे कोठून आले याची चौकशी करावी.

सर्वांत काटक पंखापाम म्हणून नीडल पामचे नाव घेतले जाते. अमेरिकेच्या आग्नेय भागातली ही झुडुपासारखी प्रजाती बुंध्याशी फुटवे काढत पसरते, तिच्या बुंध्यात लांब काळे काटे असतात आणि पूर्ण रुजलेले झुडूप उणे २० अंशांच्या आसपासची थंडीही सोसून गेल्याची उदाहरणे आहेत. त्याच भागातला सबाल मायनर, ज्याला बुटका पामेटो म्हणतात, तोही असाच काटक आहे. त्याचे खोड बहुधा जमिनीखालीच राहते आणि वाढीचा कोंब मातीच्या उबेत सुरक्षित असतो. वरची सगळी पाने करपली तरी तो वसंतात पुन्हा डोके वर काढतो.

या दोन्हींच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही, ती म्हणजे त्यांना थंडी चालते, पण उन्हाळा कडक लागतो. उन्हाळाभर आकाश ढगाळ आणि हवा थंड राहणाऱ्या ठिकाणी नीडल पाम वर्षानुवर्षे जागच्या जागी बसून राहतो, एका हिवाळ्यात झालेली हानी पुढच्या उन्हाळ्यात भरून काढू शकत नाही आणि हळूहळू खचतो. विंडमिल पामला उलट सौम्य उन्हाळा मानवतो. म्हणून झाड निवडताना आपल्याकडचा उन्हाळाही तेवढ्याच बारकाईने पाहावा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न: रोपाच्या लेबलवर उणे १५ अंशांपर्यंत टिकेल असे लिहिले होते. तापमान उणे ९ अंशांच्या खाली गेले नाही, तरीही आमचा विंडमिल पाम मेला. लेबल खोटे होते का?

उत्तर: खोटे म्हणता येणार नाही, पण अपुरे नक्कीच होते. लेबलवरचा आकडा जमिनीत रुजलेल्या, वाढलेल्या आणि कोरड्या स्थितीत थंडीला सामोरे गेलेल्या झाडाचा असतो, तर आपण विकत आणलेले रोप बहुधा काचघरात किंवा पॉलीहाऊसमध्ये उबेत वाढलेले, मऊ पानांचे असते. लहान रोपाचा कोंब जमिनीलगत आणि पातळ आवरणात असल्यामुळे मोठ्या झाडाच्या मानाने ते फार लवकर दगावते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे थंडी किती खाली गेली याइतकेच ती किती वेळ टिकली आणि त्या वेळी झाड ओले होते की कोरडे, यावर सगळे अवलंबून असते. पहाटेपुरते उणे १२ अंशांना टेकून दुपारी शून्याच्या वर येणारे तापमान आणि सलग पाच दिवस उणे ६ अंशांवर अडकलेले तापमान यांपैकी दुसरेच पामला जास्त घातक ठरते, कारण दीर्घ थंडीत जमीन खोलवर गोठते, मुळांना पाणी मिळेनासे होते आणि गारठा हळूहळू जाड देठांच्या आत, थेट कोंबापर्यंत उतरतो. त्यात आधी पाऊस किंवा वितळते बर्फ शेंड्याच्या खोबणीत साचलेले असेल तर ते पाणी तेथेच गोठते, नवीन पानांच्या कोवळ्या ऊती फाटतात आणि पुढे त्याच जखमांतून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात. झाड उणे ९ अंशांनी मेले असे आपल्याला दिसते, परंतु प्रत्यक्षात ते त्यानंतरच्या ओल्या आठवड्यांत कुजून मेलेले असते.

मझारी पामचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. अफगाणिस्तान आणि बलुचिस्तानच्या रखरखीत डोंगरांत तो कडक हिवाळे काढतो. तेथे त्याच्या पानांच्या चटया, टोपल्या आणि चपलाही विणतात. तोच पाम पावसाळी, ओलसर हिवाळ्याच्या बागेत लावला तर त्याहून कितीतरी सौम्य थंडीत कुजतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला वॉशिंग्टोनिया फिलिफेराही असाच, कोरड्या थंडीचा गडी आहे.

हवामान विभागांच्या नकाशांबाबतही सावध राहावे. अमेरिकेच्या कृषी विभागाचा जो नकाशा जगभर आधाराला घेतात, त्यातील प्रत्येक विभाग हा वर्षातील नीचांकी तापमानाच्या तीस वर्षांच्या सरासरीवर आखलेला आहे. सरासरीच ती असल्यामुळे काही वर्षी तापमान तिच्या बरेच खाली जाणार, हे त्यात गृहीतच धरलेले असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये आलेल्या थंडीच्या लाटेत अनेक वर्षे सुखाने वाढलेले मेक्सिकन वॉशिंग्टोनिया, म्हणजे वॉशिंग्टोनिया रोबस्टा, मोठ्या संख्येने मेले, आणि त्याच रस्त्यांवरचे सबाल मात्र बहुतांशी वाचले.

प्रश्न: वॉशिंग्टोनिया आम्हाला फार आवडतो. उणे १० अंशांच्या हिवाळ्यात तो जमिनीत जगेल का?

उत्तर: दर हिवाळ्याला त्याच्याभोवती खोकेवजा निवारा उभारून आत ऊब द्यायची तयारी असेल तरच जगेल. हा पाम झपाट्याने उंच होतो आणि काही वर्षांतच कोणत्याही निवाऱ्यात मावेनासा होतो. त्यामुळे मी तरी हा सल्ला देणार नाही. कुंडीत लावून हिवाळ्यात आत घ्यायचा असेल तर हरकत नाही.

प्रश्न: लागवड केव्हा, कोठे आणि किती खोल करावी?

उत्तर: वसंत ऋतू सरता सरता, जमीन चांगली उबदार झाल्यावर करावी. पामची मुळे गार मातीत जवळजवळ वाढतच नाहीत. शरद ऋतूत लावलेले झाड हिवाळ्यात शिरते तेव्हा त्याची मुळे कुंडीतून काढलेल्या मातीच्या गोळ्याबाहेर गेलेलीच नसतात, आणि गोठलेल्या जमिनीतून पाणी ओढण्याची ताकद त्यांच्यात नसते. स्वस्तात मिळते म्हणून हंगामाच्या शेवटी रोप घेतलेच, तर पहिला हिवाळा ते कुंडीतच, निवाऱ्याखाली काढू द्यावे.

जागेविषयी एवढेच सांगावेसे वाटते की घराच्या दक्षिणेकडची किंवा पश्चिमेकडची, दिवसा तापणारी आणि रात्री ऊब सोडणारी दगडी किंवा विटांची भिंत ही पामसाठी सर्वांत चांगली सोबत आहे. अर्थात हे उत्तर गोलार्धापुरते खरे. दक्षिण गोलार्धात दक्षिणेऐवजी उत्तरेकडची भिंत धरावी. उताराच्या तळाशी थंड हवा साचते, तेथे लावू नये. छपरावरून पागोळ्या किंवा बर्फ थेट शेंड्यावर पडेल अशी जागाही टाळावी.

निचरा हा कळीचा मुद्दा आहे. माती चिकण असेल तर एकट्या खड्ड्यात वाळू भरून उपयोग होत नाही, कारण भोवतालचे पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचते. त्यापेक्षा तीस-चाळीस सेंटिमीटर उंचीचा ऐसपैस उंचवटा करून त्यावर लागवड करणे सोपे आणि खात्रीचे आहे. कुंडीत मातीची पातळी बुंध्याला जेथे होती तेथेच ती जमिनीतही ठेवावी. झाड थंडीपासून वाचावे म्हणून बुंधा खोल गाडण्याची कल्पना अनेकांना सुचते, परंतु खोल गाडलेल्या पामच्या बुंध्याशी हवा कमी पडते, मुळे गुदमरतात आणि दोन-तीन वर्षांत पाने पिवळी पडून झाड खंगते.

प्रश्न: हिवाळ्यात झाडाला कसे आणि केव्हा गुंडाळावे? प्लॅस्टिकचा कागद चालेल का?

उत्तर: प्लॅस्टिक झाडाला लपेटू नये. त्याच्या आत झाडाचा ओलावा जमतो, ऊन पडले की आतली हवा तापते, रात्री तोच ओलावा पानांवर गोठतो, आणि कोंब कुजण्यासाठी याहून अनुकूल व्यवस्था शोधूनही सापडणार नाही. प्लॅस्टिकचा उपयोग एवढाच की पावसाचे पाणी शेंड्यात जाऊ नये म्हणून झाडावर छत्रीसारखे धरावे, बाजू मात्र मोकळ्या सोडाव्यात. अंगाला लागणारे आवरण गोणपाटाचे किंवा क्रॉप कव्हर म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या, हवा खेळू देणाऱ्या कापडाचे असावे.

काम तीन टप्प्यांत होते. हिवाळा सुरू होण्याआधी, जमीन गोठण्यापूर्वी एकदा भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळांशी ओल राहते. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा ऊबही जास्त वेळ धरते. मग बुंध्याभोवती निदान एक मीटर घेरात पालापाचोळा, साल किंवा पेंढा यांचे पंधरा-वीस सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे. जमीन जितकी उशिरा गोठेल तितके झाडाला पाणी मिळत राहते, आणि हिवाळ्यात पामची पाने वाळतात ती पुष्कळदा थंडीने नव्हे तर या तहानेने. शेवटी, कडक थंडीचा अंदाज आल्यावर पाने वर उचलून सैल दोरीने एकत्र बांधावीत आणि कोंबाच्या भागाभोवती कापडाचे दोन-तीन थर गुंडाळावेत. अशी बांधलेली पाने कोंबाला स्वतःच एक आवरण पुरवतात. पानांची टोके बाहेर राहिली तर राहू द्यावीत, कारण ती करपली तरी उन्हाळ्यात नवीन येतात, आणि आपल्याला वाचवायचा आहे तो कोंब.

हे करण्याची घाई नको. पहिल्या दोन-तीन हलक्या थंडींनी, म्हणजे उणे ३-४ अंशांनी, झाड कणखर बनते. त्या आधीच त्याला गुंडाळले तर ते मऊच राहते. काढण्यातही दिरंगाई नको. दुपारचे तापमान सलग काही दिवस शून्याच्या बरेच वर राहू लागले की आवरण निदान वरून तरी उघडावे. मार्चमध्ये उबदार दुपारी गुंडाळलेल्या अवस्थेत कुजलेले पाम मी थंडीने मेलेल्या पामइतकेच पाहिले आहेत.

उणे १५ अंशांखाली जाणाऱ्या ठिकाणी आवरणाच्या आत थोडी उष्णताही द्यावी लागते. त्यासाठी तारेच्या जुन्या पद्धतीच्या बारीक दिव्यांची माळ खोडाभोवती आणि शेंड्याजवळ सैल गुंडाळतात. एलईडी दिवे फारशी उष्णता देत नाहीत, त्यामुळे त्यांचा येथे उपयोग नाही. माळ बाहेरच्या वापरासाठी बनवलेली असावी आणि शून्याच्या थोडे खाली सुरू होणारा थर्मोस्टॅट जोडावा. विंडमिल पामच्या खोडावरचे वाळलेले तंतू चटकन पेट घेतात, म्हणून तापणारा दिवा त्यांना टेकू देऊ नये.

प्रश्न: हिवाळ्यानंतर मधले न उलगडलेले पान ओढले तर ते अलगद हातात आले; त्याच्या बुडाशी घाण वास येत होता. झाड गेले असे समजावे का?

उत्तर: नाही, लगेच तसे समजू नये. पण आता दिरंगाई केली तर ते खरेच जाईल.

येथे पामची घडण समजून घेणे आवश्यक आहे. आंब्याच्या किंवा गुलाबाच्या फांद्या छाटल्या तर खालच्या डोळ्यांतून नवीन फुटवे येतात. एका खोडाच्या पामला ती सोय नाही. खोडाच्या टोकाशी, पानांच्या बुंध्यांच्या दडणीत, वाढीचा एकच कोंब असतो आणि पुढची सगळी पाने त्यातूनच तयार होतात. तो मेला की त्या खोडाचे आयुष्य संपते, मग खाली खोड कितीही हिरवे आणि भक्कम असो. नीडल पाम आणि युरोपियन फॅन पाम, म्हणजे कॅमेरॉप्स ह्युमिलिस, यांना बुंध्याशी फुटवे येतात, म्हणून त्यांचे एक खोड मेले तरी झुडूप जगते. मधले पान निघून येते तेव्हा बहुतेक वेळा त्या पानाचा कोवळा बुंधा कुजलेला असतो; त्याखालचा कोंब अजून जिवंत असू शकतो.

कुजलेले पान पूर्ण काढून टाकावे. खोबणीत साचलेले पाणी आणि चिखलासारखा गाळ कापसाने किंवा कापडाने टिपून घ्यावा. त्यानंतर औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे ओतावे. ते फसफसते आणि सैल झालेली घाण वर येते. फसफसणे थांबल्यावर ते टिपून घेऊन आतला भाग कोरडा होऊ द्यावा आणि तांबेयुक्त बुरशीनाशक, उदाहरणार्थ कॉपर ऑक्सिक्लोराईड, वेष्टनावरील प्रमाणात कालवून शेंड्यात द्यावे. आठवडा-दहा दिवसांनी आणखी एकदा द्यावे, त्याहून अधिक नको, कारण तांबे साठत गेले तर कोवळ्या ऊतींनाच अपाय होतो. पुढचे सर्व दिवस शेंड्यावर पाऊस पडू नये म्हणून वर छप्पर धरावे. माझ्या मते औषधापेक्षाही हे छप्परच जास्त झाडे वाचवते.

खोबणीत सडका भाग खोलवर गेला असेल आणि वरून पोहोचता येत नसेल, तर शेवटचा उपाय म्हणून खोडाचा वरचा भाग धारदार, निर्जंतुक करवतीने आडवा, थोडा थोडा कापत खाली यावे लागते. मधोमध पांढरा, घट्ट, वास नसलेला गाभा दिसला की तेथेच थांबावे. गाभा तपकिरीच लागत राहिला तर झाड मेलेले आहे. हे काम हिमतीचे आहे आणि प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही, पण कोंब जिवंत असेल तर त्या सपाट कापातून काही आठवड्यांनी हिरवा दंडगोल वर सरकताना दिसतो.

झाड वाढते आहे की नाही हे कळण्यासाठी एक साधी युक्ती आहे. मधल्या पानावर आणि शेजारच्या देठावर न पुसणाऱ्या पेनने एकाच पातळीत आडवी रेघ मारावी. पंधरवड्याने मधल्या पानावरची रेघ वर सरकलेली दिसली तर कोंब जिवंत आहे. येणारी पहिली दोन-तीन पाने खुरटी, अर्धवट, टोकाला कातरल्यासारखी असतील. ती थंडीत कोंबाच्या आत घडत होती, म्हणून तशी असतात. ती कापू नयेत. आणि संपूर्ण उन्हाळा उलटल्याखेरीज झाड उपटू नये, कारण जूनपर्यंत निपचित पडलेला पाम ऑगस्टमध्ये पान काढतो, असे पुष्कळदा घडते. याच्या उलटही घडते: कोंब जानेवारीत मेलेला असतो, पण थंडीत सगळे संथ असल्यामुळे पाने एप्रिलपर्यंत हिरवी दिसतात आणि घरचे लोक निश्चिंत राहतात. म्हणून हिवाळा संपताच प्रत्येक पामचे मधले पान एकदा हलकेच ओढून पाहावे.

प्रश्न: बाल्कनीत कुंडीतच पाम ठेवायचा आहे. तोच काटकपणा गृहीत धरावा का?

उत्तर: धरू नये. कुंडीतली माती चारही बाजूंनी गारठते आणि मुळे पानांपेक्षा नाजूक असतात, त्यामुळे जमिनीत जो पाम उणे १२ अंश सोसतो, तोच कुंडीत उणे ५ अंशांच्या आसपास धोक्यात येतो. हिवाळ्यात कुंडी भिंतीलगत आणावी, तिच्याखाली लाकडी फळी किंवा थर्माकोल ठेवावा, भोवती जाड गोणपाट गुंडाळावे आणि कडक थंडीच्या दिवसांत ती थंड पण न गोठणाऱ्या, उजेडाच्या खोलीत न्यावी. तापवलेल्या दिवाणखान्यात नेऊ नये. कोरड्या उबेत लाल कोळी पडतो आणि मऊ, लांबट पाने येतात. पाणी हिवाळ्यात बेताचेच द्यावे.

कुंडीसाठी युरोपियन फॅन पाम मला सर्वांत योग्य वाटतो. भूमध्य समुद्राच्या काठचा हा बुटका पाम सावकाश वाढतो आणि कुंडीतल्या जगण्याला चांगला सरावतो. इटलीतील पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ साली लावलेला याच जातीचा पाम आजही उभा आहे. १७८६ मध्ये जर्मन कवी गटे यांनी तो पाहिला आणि त्याच्या पानांच्या बदलत जाणाऱ्या आकारांनी वनस्पतींच्या घडणीविषयीच्या त्यांच्या विचाराला चालना दिली. त्या झाडाच्या दीर्घायुष्याचे कौतुक करताना ते काचेच्या खास घरात उभे आहे, हेही ध्यानात ठेवावे. उघड्यावर या जातीला उणे १० अंशांच्या आसपास मर्यादा पडते.

प्रश्न: जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून टोके वाळतात. ती पाने कापावीत का, आणि खत कोणते द्यावे?

उत्तर: अर्धवट पिवळी पाने कापू नयेत. पालाश आणि मॅग्नेशियम कमी पडले की पाम ही द्रव्ये जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतो. जुनी पाने कापली की तो साठा आपणच फेकून देतो आणि पिवळेपणा वरच्या पानांवर चढतो. कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मध्य हिरवा असे दिसले तर मॅग्नेशियमची उणीव समजावी, आणि पिवळे-नारिंगी ठिपके व वाळलेली टोके असतील तर पालाशची. पूर्ण वाळलेले पान मात्र देठ थोडे राखून कापावे. शेंड्यावर चार पाने ठेवून बाकी सगळी उतरवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, तिने झाड थंडीला उघडे पडते.

खत वसंतापासून मध्य उन्हाळ्यापर्यंत द्यावे. नत्राइतकेच किंवा त्याहून जास्त पालाश असलेले, मॅग्नेशियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये मिसळलेले, हळूहळू विरघळणारे खत चांगले. उन्हाळा ओसरल्यावर नत्र बंद करावे, नाहीतर ऐन थंडीच्या तोंडावर कोवळी वाढ निघते.

प्रश्न: आमच्या विंडमिल पामला पिवळे तुरे येतात, पण फळे धरत नाहीत. बियांपासून रोपे करायची आहेत, काय करावे?

उत्तर: विंडमिल पाममध्ये नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात. आपल्या वर्णनावरून आपले झाड नर असावे. मादीचा तुरा काहीसा हिरवट असतो आणि जवळपास नर असेल तर त्याला पुढे निळसर काळी, मूत्रपिंडाच्या आकाराची फळे लागतात. बी ताजेच घ्यावे, कारण वाळून जुने झालेले बी क्वचितच उगवते. गर काढून दोन-तीन दिवस पाण्यात भिजवावे, पाणी रोज बदलावे आणि ओलसर, निचऱ्याच्या मिश्रणात सेंटिमीटरभर खोल पेरून २० ते २५ अंशांत ठेवावे. उगवायला एक ते तीन महिने लागतात, तेही एकसारखे नाही, म्हणून मिश्रण लवकर फेकून देऊ नये. पहिली पाने गवतासारखी, अखंड पट्टीची येतात. पंख्यासारखे चिरलेले पान दिसायला दोन-तीन वर्षे जातात. तोवर, आणि त्यानंतरही एक-दोन हिवाळे, रोपे कुंडीत आणि निवाऱ्याखालीच ठेवावीत.

आपल्या भागात हिवाळे सौम्य होत असतील तर पेरण्याआधी एक चौकशी जरूर करावी. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचिनो प्रांतात पक्ष्यांनी बिया पसरवल्यामुळे हा पाम बागांतून जंगलात शिरला, तेथील सावलीत दाट रान माजवू लागला आणि स्थानिक रोपांना जागा उरेना; अखेर १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याकडे असा नियम असेल तर तो पाळावाच. नसला तरी जंगल किंवा ओढा जवळ असल्यास एकटे नर झाडच ठेवणे, किंवा मादी झाड असल्यास तिचे तुरे फळ धरण्यापूर्वी कापून टाकणे बरे.